केरळातील रिकामे पाळणे

आमचे आजोबा डाक-तार खात्यात होते. निवृत्तीच्या वेळी त्यांनी कचेरीत भरून दिलेल्या कुटुंबतपशिलाची कार्बन प्रत घरच्या पत्र्याच्या पेटीत अद्याप आहे. छापील तक्त्यात ओळी आठ, आणि पत्नी व मुले मिळून नावे नऊ. नववे नाव त्यांनी समासात उभे लिहून त्याखाली सही केली आहे. आमच्या वडिलांनी तसल्याच तक्त्यात चार नावे लिहिली. आम्ही दोन लिहिली: पत्नीचे आणि कन्येचे. उरलेल्या ओळींवर तिरपी रेघ मारून आणा, असे सांगून आमच्या वरिष्ठांनी तो कागद एकदा परतही केला होता.

तीन पिढ्यांत असे काय घडले? आजोबांना कोणी सांगितले नव्हते असे मुळीच नाही. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण ते कचेरीच्या भिंतीवर रोज पाहत; धाकटे आत्या आणि काका त्या त्रिकोणानंतरचेच. उलट आम्हांला या बाबतीत कोणी कधी काही सांगितल्याचे स्मरत नाही. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या केंद्रीय नोकरांना मिळणारा भत्तादेखील सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून बंद झाला. म्हणजे सरकार जेव्हा घसा कोरडा करून सांगत होते तेव्हा पाळणे हलत होते, आणि सांगणे संपत आले तेव्हा ते आपोआप थांबले. हा उलगडा आम्हांला आमच्या गावी झाला नाही. बदलीने तीन वर्षे तिरुवनंतपुरमला काढावी लागली, तेथे तो थोडाबहुत झाला. म्हणून केरळाचीच हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम आकडे, कारण आम्ही कारकून आहोत आणि आकड्यांवाचून आम्हांस चैन पडत नाही. १९६१ ते १९७१ या दशकात केरळची लोकसंख्या २६ टक्क्यांहून अधिक वाढली. तो वेग देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होता. १९७१ च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला ५४९ माणसे मोजली गेली. त्या काळी जाणती माणसे या प्रदेशाकडे बोट दाखवून भावी दुष्काळाची भाषा करीत. पुढच्या दशकात वाढ १९ टक्क्यांवर आली, त्यापुढे १४, मग ९, आणि २००१ ते २०११ मध्ये पाचांच्याही आत. त्या शेवटच्या दशकात पत्तनमतिट्टा आणि इडुक्की या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत केरळी स्त्रीस सरासरी दोन मुले असल्याचे आढळले, तर उत्तर प्रदेशात जवळजवळ पाच. त्याच पाहणीत गोवा केरळच्याही किंचित खाली होता, पण इवल्याशा गोव्याची दखल कोण घेतो!

या घटीचे श्रेय सामान्यतः दोन गोष्टींना दिले जाते. एक, सुबत्ता, दुसरी, सरकारी मोहीम. सुबत्तेचा निकाल चटकन लावता येतो. सत्तरीच्या दशकात केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी होते. कारखाने बेताचेच, बेकारी भरपूर. प्राध्यापक के. एन. राज यांनी उभारलेल्या तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने संयुक्त राष्ट्रसंघासाठी १९७५ मध्ये एक अहवाल सिद्ध केला. या दरिद्री प्रांतात माणसे अधिक जगतात आणि मुले कमी होतात, हे पाहून अर्थशास्त्रज्ञ चकित झाले ते त्याच अहवालामुळे. युरोपातही हे कोडे पूर्वी पडलेले आहे. कारखाने प्रथम उभारले इंग्लंडने, पण जन्मदर प्रथम उतरला तो शेतकऱ्यांच्या फ्रान्समध्ये.

मोहिमेचे प्रकरण जरा सविस्तर पाहिले पाहिजे. १९७० च्या अखेरीस एर्नाकुलम येथे जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी नसबंदीचे प्रचंड शिबिर भरविले. महिनाभरात १५ हजारांवर शस्त्रक्रिया झाल्या. जुलै १९७१ मध्ये दुसरे शिबिर भरले; तेथे हा आकडा ६३ हजारांच्या घरात गेला. येणाऱ्यांस रोख रक्कम आणि भेटवस्तू मिळत, आणि एकंदर थाट एखाद्या जत्रेसारखा असे. देशोदेशीच्या अभ्यासकांनी त्यावर लेख लिहिले. तथापि तारखा नीट पाहाव्यात. साठीच्या दशकारंभी केरळचा जन्मदर हजारी चाळिसाच्या जवळ होता. १९७१ मध्येच तो ३१ वर आला होता, आणि त्या वर्षी देशाचा दर ३७ होता. म्हणजे मांडव पडण्यापूर्वीच लोक निघाले होते; जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना वाटेत गाठले इतकेच. साधनाचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. केरळातील घट पुढे बव्हंशी शस्त्रक्रियेनेच, आणि त्यातही स्त्रियांच्याच शस्त्रक्रियेने साधली गेली. परंतु साधन हाती येणे आणि ते हवेसे वाटणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

हे मराठी माणसाला तरी निराळे सांगावयास नको. साधनाचा पुरस्कार आपल्याकडे सर्वांआधी झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईस संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली; १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविताना खटले आणि दंड सोसावे लागले. १९५३ मध्ये ते वारले तोवर मराठी घरातले पाळणे पूर्ववत हलत होते. कर्व्यांचे सांगणे चुकीचे नव्हते. ऐकणाऱ्यास त्याची निकड भासत नव्हती. निकड सक्तीने उत्पन्न करता येईल, असा भ्रम पुढे राज्यकर्त्यांस झाला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळले. नाहीतर कर्व्यांच्या महाराष्ट्राने कोणता लौकिक मिळविला असता, याची कल्पना करवत नाही.

मग केरळात निकड भासली ती कशाने? आमच्या समजुतीप्रमाणे तिचे मूळ दीडशे वर्षे मागे जाते. १८१७ मध्ये त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाई यांनी प्रजेच्या शिक्षणाचा खर्च सरकारने सोसावा अशी आज्ञा काढली. आज्ञा निघाली म्हणजे शाळा निघाल्या असे नव्हे; हे आम्हां सरकारी नोकरांपेक्षा कोणास अधिक ठाऊक असणार? पण त्या वाटेने पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, मग त्यांच्याशी चढाओढीने नायरांच्या, एळवांच्या, इतरांच्या आल्या. १८७९ मध्ये त्याच संस्थानाने देवीची लस सक्तीची केली. ती प्रथम कोणाला? तर सरकारी नोकर, विद्यार्थी आणि कैदी यांना. या तिघांना एका ओळीत बसविणारा तो कारभारी कोण होता, त्यास आमचा नमस्कार असो.

शाळा आणि लस यांचा पाळण्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी रोकडा आहे. शेतकऱ्याच्या किंवा काथ्या वळणाऱ्याच्या घरी सहा-सात वर्षांचे पोर ही मिळकत असते. ते गुरे राखते, नारळाची सोडणे कुटते, धाकट्यास सांभाळते. ज्या दिवशी ते पाटी घेऊन शाळेत जाते त्या दिवशी ही मिळकत बंद होऊन खर्च सुरू होतो. एकटे पोर शाळेत गेले तर घर निभावते. परंतु गावातली सगळीच पोरे जाऊ लागली की न पाठविणे लाजिरवाणे होते, आणि मग सहा जणांना पाठविण्यापेक्षा दोघांना नीट पाठवावे हा हिशेब अडाणी मातेलाही सुचतो. जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने हाच विचार मांडला आहे: जोवर संपत्तीचा ओघ मुलांकडून आईबापांकडे वाहतो तोवर मुले पुष्कळ होतात, शाळेने तो ओघ उलटा फिरविला म्हणजे कमी होतात. आमच्या आजोबांच्या घरी हा ओघ उलटण्याच्या बेतात होता. थोरल्या काकांनी सोळाव्या वर्षी नोकरी धरली आणि धाकट्यांच्या फिया भरल्या. आमच्या कन्येकडून तशी अपेक्षा करण्याचे धाडस आम्हांला होत नाही. उलट तिच्या शिक्षणभत्त्याची पावती वेळेवर जोडली नाही तर घरात बोलणी खावी लागतात.

लसीचे कार्य दुसरे. अर्धी पोरे पाचव्या वर्षाच्या आत दगावतात असा ज्या मातेचा अनुभव, ती चार हवीत म्हणून आठ प्रसवते. हे तिचे अज्ञान नसून अंदाजपत्रक आहे. १९७१ मध्ये केरळात जन्मलेल्या हजार मुलांपैकी ५८ वर्षाच्या आत मरत, देशात १२९. १९९१ मध्ये केरळचा आकडा १६ वर आला, देशाचा ८० होता. जन्मलेले मूल जगणारच, ही खात्री घराघरांत बसण्यास एक पिढी लागते. ती बसली की जास्तीच्या मुलांची तरतूद करण्याचे कारण उरत नाही. मलबारचा दाखला येथे बोलका आहे. हा भाग मद्रास इलाख्यात होता. शाळा आणि दवाखाने यांत तो त्रावणकोर-कोचीनच्या बराच मागे होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य झाल्यानंतर तेथे ही साधने पोचली, आणि जन्मदराची उतरणही तेथे मागाहूनच आली.

याच्याच जोडीला मुलींचे लग्नाचे वय आले. १९७१ मध्ये केरळी मुलीचे लग्न सरासरीने एकविसाव्या वर्षी होत असे, देशात सतराव्याच्या सुमारास. चार वर्षांचा हा फरक म्हणजे दोन बाळंतपणे. एकविसाव्या वर्षी सासरी येणारी, दहा इयत्ता शिकलेली मुलगी नवऱ्याशी या विषयावर दोन शब्द बोलू शकते. सोळाव्या वर्षी येणारी काय बोलणार? नायरांच्या जुन्या मातृवंशक पद्धतीलाही काही श्रेय देतात. ते जपून द्यावे. ती पद्धत सर्व जातींत नव्हती, आणि १९२५ च्या नायर कायद्याने तरवाडांच्या वाटण्यांचा मार्ग खुला होऊन ती मोडतच आली होती. सीरियन ख्रिस्ती मुलींना तर बापाच्या इस्टेटीत समान वाटा मिळण्यास १९८६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तरीही मुलगी झाली म्हणजे घरावर काहीतरी ओढवले, ही भावना त्या भूमीत आपल्याइतकी खोल नसावी, असे तेथे राहून आमचे मत झाले आहे.

आता जमीन. १९६९ च्या दुरुस्तीचा जमीनसुधारणा कायदा १ जानेवारी १९७० पासून अमलात आला आणि कुळांना मालकी मिळाली. झोपडी बांधून राहणाऱ्या भूमिहीनालाही झोपडीभोवतीची, खेड्यात दहा सेंटपर्यंत जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. दहा सेंट म्हणजे गुंठ्याच्या चौपट. त्या जागेत पाच-सहा नारळ, एक फणस, थोडी केळी. सहा मुलग्यांत ती वाटली तर प्रत्येकास एकेक नारळ येतो! ज्याच्याजवळ वाटण्यासारखे काहीच नव्हते त्यास ही चिंता नव्हती. ज्याला प्रथमच काही मिळाले त्यास ती लागली. आणि १९८० मध्ये शेतमजुरांना निवृत्तिवेतन सुरू झाले. रक्कम क्षुल्लक होती. पण म्हातारपणी मुलाच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गती नाही, हा जो सनातन आधार पुत्रसंख्येला होता, त्याचा एक दगड तरी तिने हलविला. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माणसाच्या मनाला काय स्वास्थ्य असते ते आमच्या वाचकांस सांगणे नको.

१९७३ नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाहू लागला आणि केरळचे तरुण तिकडे गेले. नवरा दोन वर्षांनी महिनाभर येणार, या एका गोष्टीनेही पाळण्यावर परिणाम झालाच. पण घट त्यापूर्वीची आहे हे विसरू नये.

या सर्व कारणांत कोणतेही एक ओढून काढून हेच खरे असे म्हणता येत नाही. पण आम्हांस त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. माणसाला जेव्हा उद्याचा भरवसा येतो, मूल जगेल, शिकेल, म्हातारपणी अगदीच रस्त्यावर यावे लागणार नाही, तेव्हा तो मुले कमी करतो. दारिद्र्य होते तरी हा भरवसा केरळात आला, आणि सुबत्ता असून तो जेथे आला नाही तेथे त्रिकोण रंगवून काही झाले नाही.

येथवर वाचून केरळाविषयी कौतुक वाटेल. आम्हांलाही वाटते, पण त्या कौतुकाचे बिलही येऊ लागले आहे. २०११ मध्ये देशात साठीच्या वरची माणसे शेकडा ८.६ होती, केरळात १२.६. पटसंख्या घटलेल्या शाळांना तेथील सरकारी भाषेत ‘अनार्थिक’ शाळा म्हणतात, आणि वर्ग बंद पडल्याने उघड्यावर पडू पाहणाऱ्या शिक्षकांना ‘संरक्षित’ शिक्षक. ज्या शाळांनी पाळणे रिकामे केले त्यांचीच बाके रिकामी झाली. कष्टाची कामे करण्यास बंगाल, आसाम, ओरिसा येथून मजूर आले; २०१३ च्या एका पाहणीने त्यांची संख्या सुमारे २५ लाख धरली होती. राजकारणातही याचे पडसाद आहेत. लोकसंख्या आवरणाऱ्या राज्यांच्या लोकसभेतील जागा कमी होऊ नयेत म्हणून १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठविली. २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. पंधराव्या वित्त आयोगाने २०११ ची लोकसंख्या आधारास घेतली. जन्मदर आवरल्याबद्दल काही गुण वेगळे ठेवले खरे, परंतु केंद्रीय करांतील केरळचा वाटा अडीच टक्क्यांवरून १.९२५ वर आला. सरकारने सांगितले ते ज्यांनी केले त्यांचेच पान कमी वाढले जावे, हा न्याय आम्हांला समजत नाही. आमच्या कचेरीत तमिळ आणि बिहारी सहकाऱ्यांत या विषयावरून जेवणाच्या सुट्टीत जे वाद होतात ते ऐकण्यासारखे असतात.

आणि आपण? २०१९-२१ च्या पाहणीत केरळात दर स्त्रीमागे १.८ मुले आढळली, महाराष्ट्रात १.७. म्हणजे आपण केरळच्याही खाली गेलो, आणि याचा गाजावाजा कोठे झाला नाही. तो झाला नाही हेच एका परीने बरे, कारण आपली वाट सर्वस्वी केरळची नाही. केरळात २०११ मध्ये सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९६४ मुली होत्या. महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला. त्याची गरज सर्वांआधी आपल्यालाच भासली हाही त्याचा अर्थ आहे. दोनच मुले हवीत हे आपण शिकलो, पण त्यांतला एक मुलगा हवाच हे विसरलो नाही. कुटुंब लहान झाले तसा त्या हट्टाचा भार लहान संख्येवर पडला, आणि तो मुलींनी सोसला. आजोबांच्या काळी मुलाची वाट पाहत पाच मुली होत; त्या निदान जन्मास तरी येत. घटीच्या आकड्यात ही घट मिसळलेली आहे, आणि जन्मदराचा आलेख काढणारास ती वेगळी दाखविता येत नाही. आम्ही ज्या वर्गातून आलो, शिकलेल्या, पगारदार, बदलीच्या लोकांच्या, तो वर्ग यातून मुक्त आहे असे छातीवर हात ठेवून म्हणण्याची आमची तयारी नाही. बदलीच्या गावी बारशाच्या दिवशी आलेल्या मराठी मंडळींत ‘पहिली बेटी, धनाची पेटी’ हे वाक्य सांत्वनाच्या सुरात किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही.

तिरुवनंतपुरमला आम्ही ज्या घरी भाड्याने होतो त्या घरच्या अम्मा आठ भावंडांतल्या. त्यांना तीन मुले. एक दुबईस, एक कॅनडात, मुलगी बंगलोरला. नातवंडे तिघांची मिळून तीन. अम्मा निवृत्त शिक्षिका. त्यांच्या ज्या शाळेत एके काळी एका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, तेथे आता एक भरताना मारामार. स्वयंपाकघरात पितळेची एक भली मोठी उरुळी पालथी घातलेली असे. ओणमच्या दिवशी त्यांनी ती आमच्या पत्नीच्या मदतीने घासून काढली, आणि पायसम मात्र लहान पातेल्यात केले.

आम्ही त्यांची गोष्ट एकदा आईला फोनवर सांगत होतो. आईचे त्या वेळचे बोलणे दुसऱ्या अपत्याच्या विषयाकडे वळू पाहत होते, आणि आम्ही आकड्यांच्या आडोशाने ते चुकवीत होतो. बालमृत्यू, साक्षरता, निवृत्तिवेतन, सगळे सांगून झाले. आईने शांतपणे ऐकून घेतले.

“अरे, पण त्या बाईंना सांभाळतं कोण?”

इडुक्कीकडची एक होम नर्स आहे, महिन्याच्या पगारावर. रात्रीही राहते, असे आम्ही सांगितले.

“तिला घरी कोणी नाही का?” आई म्हणाली.

हे आम्ही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. तिला एक मुलगी होती, नऊ वर्षांची, आजीपाशी ठेवलेली. शाळेत जात होती.